मास्तरांचं ॲव्हरेज

मामांची गाडी चालवायची तर आधी बूट काढावे लागत. बसणाऱ्यांनी नव्हे, फक्त चालवणाऱ्याने. "बुटाच्या तळव्याला अक्कल नसते, कातडीला असते," असं ते म्हणायचे. दर रविवारी चालवणारा मी असायचो. माझे बूट डिकीत जायचे आणि मामा शेजारी बसून रस्त्याऐवजी माझ्या उजव्या पायाकडे बघत राहायचे.

हिंदमाताला त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. डिलाईल रोडच्या चाळीतून आलेला हा माणूस मुळात कटिंग मास्तर. दहा शर्टांच्या कापडात अकरावा काढायचा, हीच त्यांची सगळी कीर्ती. त्या अकराही शर्टांच्या बगला पोरांना काचायच्या, पण पोरांना विचारतो कोण? संध्याकाळी ते टेबलाखाली वाकून बघायचे. वीतभर जरी चिंधी पडलेली दिसली, तर ती कारागिराच्या गळ्यात बांधून त्याला दुकानाच्या दारात उभं करायचे. गिऱ्हाईकं हसायची. मीही हसलो आहे. वडील गेल्यावर मामांनी मला दुकानात घेतलं, त्यानंतर माझ्याही गळ्यात दोनदा बांधली गेली. तेव्हा इतर कारागीर हसले.

साठी उलटल्यावर त्यांनी प्रभादेवीच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि मग ही गाडी. चारही चाकांना ताकद देणारी, पाच सेकंदांत शंभर गाठणारी स्पोर्ट्स सेडान, आणि वर हायब्रीड. म्हणजे हळू चाललं की पेट्रोलचं इंजिन गप्प बसतं, गाडी बॅटरीवर सरकते आणि पडद्यावर एक हिरवं पान उगवतं. मामांनी ती गाडी पन्नासच्या वर कधी जाऊ दिली नाही. त्यांना फक्त ते पान हवं होतं आणि त्याच्या शेजारचा ॲव्हरेजचा आकडा. मी जोरात ब्रेक मारला की ते शांतपणे म्हणायचे, "चिंधी पडली." सिग्नल सुटल्यावर जरा जास्त दाबलं की पुन्हा तेच, "चिंधी पडली."

माहितीपत्रकात लिटरला वीस किलोमीटर लिहिलं होतं. आम्हाला सतरा मिळायचं. "कंपनी खोटं बोलत नाही," मामा म्हणायचे. "पाय खोटा असतो."

मामी मालवणची. मामांना मी अहो-जाहो करायचो, तिला अगं. गाडीत ती नेहमी मागे, हातात रुमाल. एकदा मामा पेट्रोल पंपावर खाली उतरलेले असताना ती मला हसत म्हणाली, "ह्यांनी माझ्यातसून पण अकरावो शर्ट काढलो रे." मला त्या वेळी हे फार विनोदी वाटलं होतं.

सगळं बिघडलं ते मामीच्या भावामुळे. हा शशी गिरगावात राहतो, बँकेत आहे, तोंडाचा फटकळ. एका साखरपुड्यात चारचौघांत तो म्हणाला, "भावोजी, ॲव्हरेजच बघायचं होतं तर स्कूटर घ्यायचीत की! मागे ताईपण मावली असती." सगळे खो खो हसले. मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं हसं केलं होतं, पण स्वतःचं हसं झालेलं त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी भरली, मीटर शून्यावर आणलं आणि मला बजावलं, "ही टाकी वीसने संपली पाहिजे. शश्याच्या तोंडावर फोटो मारायचाय." शशीलाही त्यांनी तसं फोनवर सांगून टाकलं. त्या दिवसापासून गाडीतला एसी बंद झाला. मे महिना होता. काचासुद्धा चार बोटंच उघडायच्या, वाऱ्याने गाडी अडते म्हणून.

तीन आठवड्यांनी, रविवारी, शशीकडे सत्यनारायण होता. दुपारी आम्ही गिरगावातून निघालो तेव्हा पडद्यावर एकोणीस पॉइंट नऊ होतं. मामांना हिंदमाताला दुकानावर एक नजर टाकायची होती, म्हणून भायखळ्यावरून निघालो. रस्ते रिकामे होते. नंतर कुणी ट्रॅफिकचं नाव काढलं की मला राग यायचा, कारण ट्रॅफिक नव्हतंच.

भायखळ्याला मामी म्हणाली, "पाठीत दुखता गो बाई."

"शिरा तीनदा घेतलास," मामा मागे न वळता म्हणाले. "ॲसिडिटी आहे."

मी आरशात बघितलं. तिला दरदरून घाम आला होता. पण मलाही आला होता. मामांच्या सदऱ्याची पाठ सीटला चिकटली होती. तीन आठवडे त्या गाडीत सगळ्यांनाच घाम येत होता, तेव्हा तिचा घाम वेगळा आहे हे कळणार कुणाला?

लालबागच्या पुलावर चढलो आणि आकडा वीस झाला. मामांनी मांडीवर थाप मारली. त्याच वेळी मागून मामीचा आवाज आला. "बाळा, जरा बेगीन चल."

बेगीन म्हणजे लवकर. इतक्या वर्षांत तिने गाडीत कधी काही मागितलं नव्हतं. मी पाय दाबला. हिरवं पान गेलं, इंजिन जागं झालं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चिंधी पाडू नकोस. आत्ता वीस झालंय, परत एकोणीसवर येईल. घरी गेल्यावर तिला सोडा देऊ."

मी पाय उचलला.

हे मला कुणी करायला लावलं नव्हतं. हात गुडघ्यावर होता, पायावर नव्हता. पूल अख्खा रिकामा, मी चाळीसने चाललेलो, आणि टॅक्सीवाले हॉर्न देत आम्हाला मागे टाकत होते. पूल उतरताना आरशात पाहिलं तर मामीचं डोकं काचेला टेकलं होतं आणि रुमाल खाली पडला होता. "मामी," मी म्हणालो. ती ओ देईना. तेव्हा कुठे मी दाबली. परळच्या हॉस्पिटलपर्यंतचा शेवटचा किलोमीटर ती गाडी ज्या वेगासाठी बनली होती त्या वेगाने पळाली.

पोर्चमध्ये थांबल्यावर मागचं दार उघडण्याआधी मामांनी पडद्याकडे बघितलं. मीही बघितलं. आकडा हललासुद्धा नव्हता. तीन आठवड्यांच्या सरासरीत एका किलोमीटरचं काय वजन? पुलावरही हलला नसता. मी पूर्ण पूल जीव खाऊन पळवली असती तरी वीसच राहिलं असतं.

डॉक्टरांनी आत नेलं आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन एवढंच विचारलं, "इतका उशीर का केलात?"

बाराव्या दिवशी जेवणं झाली. काहीतरी बोलायचं म्हणून शशी म्हणाला, "भावोजी, त्या टाकीचं शेवटी काय झालं?"

मामांनी खाली बघितलं. "एकोणीस," ते म्हणाले. "हरलो मी."

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने स्वतःहून काही सोडलं होतं. मी ते सोडू द्यायला हवं होतं. पण बारा दिवस माझ्या आत जे साचलं होतं ते सगळं मला त्यांच्या गळ्यात बांधायचं होतं. मी म्हणालो, "खोटं. वीस आलं. मामी मागे मरत होती तेव्हा पुलावर आलं. पोर्चमध्ये दार उघडायच्या आधी मामांनी बघितलं."

शशीने तोंडावर हात ठेवला. कुणीतरी रडायला लागलं. मामांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू खाली आली. घरात मी अनवाणीच होतो.

"पाय कुणाचा होता रे?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात तेही गेले. गाडी त्यांनी माझ्या नावावर करून ठेवली होती, का ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी ती आता जाड तळव्याचे बूट घालून चालवतो, एसी सोळावर ठेवतो, आणि कुणी ॲव्हरेज विचारलं तर नऊ सांगतो. लालबागच्या पुलावर मात्र अजून पाय आपोआप वर येतो. पान उगवतं, गाडी चाळीसवर येते, आणि टॅक्सीवाले हॉर्न देत पुढे निघून जातात.