सायकलीखालचा ठप्पा

भीमसिंग राठोड आमदार झाला, यावर सगळ्यात कमी विश्वास खुद्द भीमसिंगचाच होता. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य वाहिलं, बापानं बोरी अरबच्या बाजूला जमीन धरून तांडा वसवला, आणि हा यवतमाळला मॅट्रिक होऊन परत कास्तकारीला लागला. छप्पन साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं. सत्तावनच्या निवडणुकीत भावकीच्या चार तांड्यांनी त्याला अपक्ष उभं केलं, सायकल ही निशाणी मिळाली, आणि तो निवडून आला. पहिल्या अधिवेशनात त्यानं तोंड उघडलं नाही. आपली मराठी ऐकून कोणी हसेल, ही धास्ती. शेवटी एकदा उठून त्यानं विचारलं, सरकार तांड्याला गाव का मानत नाही? गाव नाही म्हणून विहीर नाही, शाळा नाही. उत्तर आलं, माहिती मागवण्यात येत आहे.

पण तो चिकट होता. अर्ज, खेटे, मंत्र्यांच्या दारात तासन्‌तास उभं राहणं, हे सगळं केलं आणि तीन तांड्यांना विहिरी मिळवल्या. राहिला त्याचा स्वतःचा. आधी आपल्याच दारात खोदली तर लोक काय म्हणतील, या भीतीनं त्यानं ती मागं ठेवली. भित्र्या माणसाचा सज्जनपणा नेमका नको तिथं उफाळून येतो. बायका लांबच्या नाल्यावरून पाणी आणत राहिल्या.

बासष्टची निवडणूक आली आणि मतदानाची रीत बदलली. सत्तावन साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. सायकलच्या पेटीत कागद टाकला की झालं. आता पेटी एकच, कागदही एकच. त्यावर सगळ्यांची नावं नि निशाण्या एकाखाली एक, आणि हातात रबरी ठप्पा. भीमसिंगच्या सायकलीच्या खालीच मधुसूदन वकिलांचा कंदील होता. वकील दारव्ह्याचे, शिकल्यासवरल्या घरातले, आणि या वेळी त्यांचा जोर होता. तांड्यांची मतं एकगठ्ठा पडली तरच सायकल तरणार, हे भीमसिंगला कळत होतं. 

मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्याचा पुतण्या देवीलाल हा तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणातून धावत आला. बायकांना ठप्प्याची सवय व्हावी म्हणून त्यानं कागदावर निशाण्या काढून तालीम घेतली होती.

"काका, घात झाला. साऱ्या जणी ठप्पा खाली मारून राह्यल्या."

"खाली म्हंजे?"

"कंदिलावर!"

"काहून? वकिलाचा माणूस आलता का तांड्यात?"

"कोणी नाई आलं. सायकलीवर माराले तयारच नाईत. म्हणतात, जेठाच्या डोक्शावर ठप्पा कसा हाणायचा? पायापाशी ठेवतो."

भीमसिंग मटकन खाटेवर बसला. लग्न होऊन तांड्यात आलेल्या प्रत्येकीचा तो जेठ, म्हणजे थोरला दीर, तरी होता नाहीतर सासरा. त्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. पाच वर्षं त्या त्याला 'सायकलवाळो' म्हणत. म्हणता म्हणता सायकल म्हणजेच तो झाला होता. पेटीत कागद सोडणं ठीक होतं, ते वाहिल्यासारखं होतं. हे तर हाणणं! चार तांड्यांच्या सुना अदबीनं ठप्पा पायाशी ठेवणार आणि वकील त्याच मतांवर मुंबईला जाणार.

"रुपी, तू सांग त्यायले," तो बायकोला म्हणाला.

रुपीबाई ज्वारी पाखडत होती. "मी काय सांगू? मीबी खालीच मारणार होती."

"तू बी?"

"मंग? नवऱ्याच्या तोंडावर ठप्पा हाणू?"

एरवी हाणायला तिची हरकत नसती, पण ते वेगळं. आता स्वतःच सांगायला हवं होतं, आणि तिथंच सगळं अडत होतं. जेठानं नि सासऱ्यानं सुनांशी बोलायचं नाही, समोर उभंही राहायचं नाही. विधानसभेत सरकारला जाब विचारणारा माणूस स्वतःच्या तांड्यात धड एक वाक्य बोलू शकत नव्हता.  दोनदा उठला, दोनदा बसला.

तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याला सभागृह आठवलं. तिथंही कोणी कोणाशी थेट बोलत नाही. तोंड अध्यक्षाकडे करायचं आणि मारायचं शेजारच्याला. त्यानं आपली म्हातारी काकू मानीबाई, जिला सारा तांडा याडी म्हणजे आई म्हणायचा, तिला नायकाच्या अंगणात खाटेवर बसवलं, बायकांकडे पाठ केली, आणि हात जोडले.

"अध्यक्ष महाराज—"

"कोण महाराज? मी मानी हाये रे."

"याडी, गप बस जरा. तुले सांगून राह्यलो, ऐकतील त्या. अध्यक्ष महाराज, तो ठप्पा मार नाई, टिळा हाये. सायकलीले टिळा लावायचा."

मागून घुंगटातून खसखस पिकली. देवीलालची बायको गंगी बोलली, अर्थात मानीबाईकडे बघून. "याडी, त्यायले इचार, सून सासऱ्याले टिळा लावते का कुठं?"

"इचारते रे ती," मानीबाईला आता रंग चढला होता. "बोल."

 एकच वाक्य उरलं होतं आणि ते जड होतं. त्याची सगळी मतं त्या अदबीवर उभी होती.

"अध्यक्ष महाराज, सायकल म्हंजे मी नाई. ते सरकारनं देलेलं चित्र हाये. उद्या दुसऱ्याले देतील. तिले हाणलं तं मले लागत नाई. बिनधास्त हाणा."

 मग गंगीचा आवाज आला, आधीपेक्षा मोकळा.

"याडी, सायकल म्हंजे सासरा नाई, हे बरं झालं. मंग त्यायले इचार, त्या चित्रावर कायले मारायचं? तीन तांड्यांत विहीर झाली. आमच्या डोक्शावर घागर तशीच हाये."

"हौ, सांग!" दोघीतिघी एकदम बोलल्या. पाच वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. सासऱ्याला विचारतं कोण?

 आपलंच अंगण मागं ठेवलं म्हणजे मोठेपणा केला असं भीमसिंगला वाटत आलं होतं. पाठीमागच्या बायका त्या मोठेपणाचं पाणी वाहत होत्या.

"चूक झाली," तो म्हणाला. या वेळी तो अध्यक्ष महाराज म्हणायला विसरला. "लोक नावं ठेवतील म्हणून भेलो. निवडून आलो तं पहिली विहीर इथं. नाई आलो तरी खोदीन."

 देवीलालनं नवे कागद मांडले, पण भीमसिंग मागं वळून बघू शकत नव्हता. ठप्प्यांचे आवाज तेवढे ऐकू आले. कुठं पडले, ते कळलं नाही.

मोजणीचा दिवस आला. बाकीच्या तीन तांड्यांत सायकलच चालली. तिथं म्हाताऱ्यांनी जाऊन 'टिळा' समजावला होता आणि तेवढ्यानं भागलं होतं. त्याच्या स्वतःच्या तांड्याची मतं मोजली तेव्हा सायकलीचा गठ्ठा जाड निघाला, पण कंदिलाचाही निघाला. थोडक्या मतांनी तो तरला.

लोक गुलाल उधळत होते आणि हा कंदिलाच्या गठ्ठ्याकडे बघत उभा होता. ते ठप्पे कोणी अदबीनं पायाशी ठेवले होते, की कोणी विहिरीच्या रागानं मुद्दाम हाणले होते? एकगठ्ठा मतांचा आमदार आता संपला, एवढं त्याला कळलं. पुढच्या खेपेला प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यावं लागणार होतं.

घरी आल्यावर त्यानं रुपीबाईला गाठलं.

"तू कुठं मारलं?"

"सायकलीवर. चांगलं जोरात."

"आणि बाकीच्या? कोणी खाली मारलं, कायले मारलं? अदबीनं का रागानं? तुले ठाऊक असंल."

रुपीबाईनं त्याच्या डोक्यावरचा गुलाल पदरानं झटकला. "तुमीच म्हणाले ना, ते चित्र म्हंजे तुमी नाई? मंग इचारता कायले? जा, विहिरीची जागा पाहा."