आयर्लंडच्या फोनमध्ये परतूरची हाक

मैत्रिणींनो, भाचीला शिकायला आयर्लंडला जायचंय, म्हणून आम्ही दोघी आज नवीन जालन्यात एका एजंटकडे गेलो होतो.

"काकू, बिलकुल टॉपचं विद्यापीठ. आजच सीट पक्की करा."

आमच्याकडे नवं बियाणं घेण्याआधी कुणाच्या तरी शेतात उभं पीक बघून येतात. मला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात ठेवतानाही बाबा सिस्टरांपेक्षा तिथल्या मुलींशीच जास्त बोलले होते. मी म्हटलं, "तिथं शिकणाऱ्या मुलीशी बोलू द्या."

त्याने लगेच फोन लावला. मुलगी गोड बोलली, पण तिच्यामागून आपल्या जालन्याच्या जीपवाल्यासारखा आवाज आला, "चला परतूर, परतूर!"

"बाहेरचा असंल, काकू," एजंट म्हणाला.

खिडकी तर बंद होती.

सीट पक्की न करताच आम्ही उठलो, तर भाची घरी येऊन रडली. तुमच्यापैकी कुणाची मुलगी खरंच तिथं शिकतेय का? भाचीशी बोलेल? फक्त व्हिडिओ कॉल हवा.