पोर्तुगालचा मुक्काम

माणूस घरात असतो तोवर त्याचे किस्से कोणी सांगत नाही. कशाला सांगतील? तो रोज नवीन करून ठेवतो. ते किती साचले होते हे तो गेल्यावर दिसतं. आमच्या दादाच्या तेरवीला जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, तरी मांडवातून कोणी उठेना. एकजण म्हणायचा, "अन् ते काट्यावरचं?" की सगळे हसायचे, मग दादाच्या फोटोकडे पाहायचे. मग दुसरा, "अन् ते इन्शुरन्सवालं?" बहुतेक किस्से एकाच प्रवासाचे. तो प्रवास अजून झालेलाच नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पांढुर्ण्यात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, आणि आमच्या खंजिरी भजन मंडळाचा तो मुख्य गाणारा होता. ढोलकीवर नामदेवकाका, पेटीवर सौसरचे रिटायर झालेले मधू मास्तर, मागे धरायला चार जण, आणि टाळ माझे. मी सातवीत शाळा सोडली. जीप चालवतो, संत्र्याचा माल नेतो. या उन्हाळ्यात पोर्तुगालमधल्या एका लहान गावात लोकसंगीताचा महोत्सव आहे, तिथं आमच्या मंडळाला बोलावणं आहे. दादानं सगळं जुळवलं. मग त्याला ताप आला. साधा ताप म्हणून मीच जीपमध्ये नागपूरला नेला, आणि मीच परत आणला.

आता तिकडचे लोक विचारून राहिले, येता की नाही? मंडळ म्हणते, दादाच्या जागी तू गा, तुला सगळं पाठ आहे. नाही म्हणायचं तर तूच सांग. म्हणजे उत्तर माझ्याकडे आहे. मी ते देत नाही, किस्से सांगत बसतो.

* * *

बोलावण्याचा फोन दादानं तीनदा कापला होता. दिवसभर तो गिऱ्हाइकांना सांगायचा की अनोळखी फोनवर बोलू नका, खातं रिकामं होते. त्यात नागपूरहून एका मॅडमचा फोन. मोहगावच्या कार्यक्रमात कोणीतरी आमचं भजन मोबाइलवर घेतलं होतं, ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं.

चौथ्यांदा दादानं उचलला. "मॅडम, तुम्ही लॉटरीवाल्या की केवायसीवाल्या?"

"अहो, पोर्तुगालला तुमचं मंडळ न्यायचं आहे."

"तिथूनही सुरू झालं का?"

त्या बाईंनी हार मानली नाही. म्हणाल्या, तुम्हीच ते गाणारे असाल तर दोन ओळी म्हणा. दादानं डोळे मिटले आणि दुकानातच आवाज लावला. कोणीतरी झेरॉक्स मशीन बंद केली. रस्त्यावरचा एक गाडीवाला थांबला. संपलं तर पलीकडून आवाजच नाही. दादा म्हणाला, "कटला वाटते." तर मॅडम रडत होत्या.

रांगेतला एक म्हातारा पुढे झाला. "भाऊ, झालं असन तर माझ्या आधार कार्डाचं पाहा ना."

* * *

मग आलं राहायचं. तिकडच्यांनी हॉटेलचे फोटो पाठवले. पांढऱ्याशुभ्र गाद्या, एका खोलीत दोघं. आम्ही सगळे फोटो पाहूनच खूश. दादा नाही.

आमच्याकडे मंडळ परगावी गेलं की हॉटेल-लॉज नसतं. गाव माणसं वाटून घेतं. एका घरी एक गडी. तो तिथंच जेवतो, तिथंच झोपतो. संध्याकाळी भजनाला बसलं की प्रत्येकाचं घर आपापल्या पाहुण्यासमोर येऊन बसतं. मंडळ थकलं तर ते लोक उठू देत नाहीत. दादाचा हिशोब सरळ होता.

"हॉटेलात उतरलो तर ऐकाले कोण येईन? हॉटेलवाला?"

मधू मास्तर म्हणाले, "अरे, परदेश आहे तो. तिथं असं नसते."

"लिहून तर पाहा मास्तर. नाही म्हणतीन, मारतीन थोडी."

मास्तरांनी इंग्रजीत लिहिलं की आम्हाला हॉटेल नको, एकेक माणूस एकेका घरी टाका. पोह्यांचं सामान आम्ही आणू. आठवडाभर उत्तर नाही. मास्तर म्हणत, झालं, बोलावणं गेलं. मग उत्तर आलं. गावात सभा झाली म्हणे. पाहुणे आठ आणि मागणारी घरं जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

तिकडून एक प्रश्न होता, चिठ्ठी न निघालेल्या लोकांना वाईट वाटून राहिलं, त्यांचं काय करावं? दादानं लगेच सांगितलं, "लिहा मास्तर, सकाळचा चहा त्यांच्याकडे."

* * *

व्हिसासाठी दिल्लीला जायच्या आधी सगळे पासपोर्ट जामसांवलीला नेले. मारुतीच्या पायाला लावल्याशिवाय आमच्याकडे नवी सायकलही चालवत नाहीत. बाकीच्यांनी पासपोर्ट बंद करून दिले. नामदेवकाकांनी फोटोचं पान उघडून दिलं.

"देवाले कळाले पाहिजे ना गा, कोणाचा आहे."

पुजाऱ्यानं फोटोतल्या काकांच्या कपाळावर शेंदूर लावला.

दादानं गाडीत तो रुमालानं पुसला, थुंकी लावून पुसला, पांढुर्ण्यापासून इटारसीपर्यंत पुसत बसला. तरी एक डाग राहिलाच. दिल्लीत व्हिसाच्या काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट उघडला, डाग पाहिला, वर पाहिलं. "ये क्या है?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. काका मात्र टोपी मागे सरकवून काचेजवळ वाकले. त्यांच्या कपाळावर रोजचा टिळा होताच.

"मिला लो साहब. वही है."

* * *

इन्शुरन्सच्या पोरीचा फोन आला तेव्हा दादानं स्पीकर लावला आणि काकांना समोर बसवलं. ती हिंदीत विचारत होती, दादा काकांना मराठीत सांगत होता. बीपी नाही, शुगर नाही. मग तिनं विचारलं, "पहले कभी सिर में चोट?"

काका खरं बोलणारे. "हो. सात टाके."

"कैसे लगी?"

"गोटमारीत."

तिला गोटमार माहीत नव्हती. दादानं समजावलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधात झेंड्याचं झाड, आणि दोन्हीकडून दगड.

पोरगी घाबरली. "मतलब दंगा?"

"नहीं नहीं, त्योहार."

"पत्थर किसने मारा?"

"भाच्यानं," काका म्हणाले. "सावरगावचा आहे तो."

"पुलिस केस हुआ?"

काकांना प्रश्नच समजेना. "केस कायले? त्यानंच तर दवाखान्यात नेलं."

बराच वेळ ती काही टाइप करत होती. मग हळूच म्हणाली, "पुर्तगाल में भी आपके कोई रिश्तेदार हैं क्या?"

* * *

जायला चिक्कार वेळ होता, पण दादाला प्रत्येक गोष्टीची तालीम लागायची. सामान भरायचीही तालीम. विमानात ठरल्यापेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून सगळ्यांच्या बॅगा आणि पेटी मी जीपमध्ये टाकून संत्रा मंडीच्या मोठ्या काट्यावर नेल्या. तोलणारे बाबूराव एकेक बॅग ठेवून ओरडून वजन सांगत गेले. सगळ्या हलक्या. वयनी, म्हणजे दादाची बायको, खूश झाल्या. घरी येऊन त्यांनी कुरड्या भरल्या, तिखट भरलं, लिंबाचं लोणचं दोन बरण्या.

दुसऱ्या दिवशी दादानं कुठूनतरी हातातला छोटा काटा आणला. एकही बॅग वजनात बसेना. लोणचं काढलं, तरी बसेना. कुरड्याही काढल्या, तरी जास्तच. दादा मला घेऊन मंडीत गेला.

"बाबूराव, तुमचा काटा बिघडला."

"काटा बराबर आहे भाऊ. कडता कापून सांगतो ना मी."

मंडीत मालात खराब फळ निघतं, म्हणून वजनातून थोडं आधीच कापून सांगतात, तो कडता. बाबूरावांनी आमच्या बॅगांचाही कापला होता.

दादा म्हणाला, "पेटीत कोणतं फळ सडलं होतं बाबूराव? विमानवाला कडता देईन का मले?"

बाबूराव ओशाळले. "सवय आहे भाऊ. परवा नातवाले इथंच तोललं अन् वजन डॉक्टरले सांगितलं. डॉक्टर म्हणे, पोट्टा कुपोषित आहे."

* * *

चिठ्ठीत दादाचं नाव इल्दा नावाच्या बाईंकडे निघालं. नवरा नाही, एकट्या राहतात, नात शेजारी राहते आणि तिला इंग्रजी येते. त्यांनी घराचा फोटो पाठवला. निळं दार, अंगणात संत्र्याचं झाड. दादानं तो फोटो दुकानात लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "हे माहं घर."

नामदेवकाकांनी चष्मा लावून फोटो पाहिला. घर पाहिलंच नाही. "पाणी जास्त होऊन राहिलं झाडाले. पानं पिवळी पाहा ना. बुडाशी डिंक सुटला असन."

दादानं ते मास्तरांकडून इंग्रजीत पाठवलं. मला लाज वाटली. मी म्हटलं, "दादा, पाहुणा म्हणून जाऊन राहिला, का कृषी खात्याकडून?"

चार दिवसांनी उत्तर आलं. सोबत बुडाचा फोटो. डिंक सुटला होता.

मग रोज फोटो यायला लागले. झाडाची माती उकरलेली, पाणी बंद केलेलं, नवी पालवी. दवाखान्यातही दादा पहिले तेच विचारायचा, "बाईचं झाड कसं आहे?" बोलायला दम लागायचा, तरी विचारायचा. शेवटचा फोटो मीच पाहिला. त्याचा फोन आता माझ्याकडे असतो. कधी कधी सवयीनं मी त्याचा नंबर लावतो, आणि माझ्याच खिशात वाजतो.

* * *

तेरवीच्या दोन दिवसांनी मंडळ आमच्या अंगणात बसलं. मास्तर म्हणाले, सौसरला एक चांगला गाणारा आहे, तुला जमत नसेल तर त्याला विचारू. बरोबरच बोलले ते. पण माझं डोकं फिरलं. मी टाळ उचलून फेकले. एक तुळशीपाशी पडला. दुसरा विहिरीत.

पाण्याचा आवाज आला तेवढाच. नामदेवकाका उठले, तुळशीपासचा टाळ उचलला, धोतरानं पुसून माझ्या हातात दिला.

"घे. आता एकच आहे. दुसऱ्यासाठी कोणाच्यातरी शेजारी बसा लागन तुले."

* * *

काल मी ठरवलं, नाही म्हणून टाकायचं. मास्तरांना सौसरहून बोलावलं. म्हटलं, इल्दाबाईंना व्हिडिओ लावा, तोंडानं सांगू. त्यांना दादाचं आधीच कळवलं होतं. मास्तर ओसरीवर बसले, फोन समोर डब्याला टेकवून उभा केला. तिकडे इल्दाबाई आणि त्यांची नात. बाई काळ्या कपड्यांत होत्या. त्यांनी फोन उचलला आणि आम्हाला खोली दाखवायला लागल्या. खिडकी. खिडकीतून ते झाड. खुर्ची. मधोमध पलंग, त्यावर विणलेली चादर.

मी मास्तरांना म्हटलं, "सांगा. येत नाही म्हणा."

मास्तर चष्मा पुसत बसले.

"सांगा ना मास्तर. मी नाही सांगू शकत."

वयनी सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दादा गेल्यापासून त्या ओसरीवर आल्या नव्हत्या. आई गेली तेव्हा मी लहान होतो, या घरात मला त्यांनीच वाढवलं. त्या आल्या, पदर सारखा केला, मास्तरांच्या शेजारी खाली बसल्या आणि फोन जवळ ओढून खोली नीट पाहिली. एवढ्या जवळून की तिकडं फक्त त्यांचं कपाळ दिसत असेल.

"मास्तर, त्यांना म्हणा, पलंग भिंतीला लावा. मधात नको."

मास्तरांनी विचारलं, "काऊन?"

"हा झोपेत खाली पडते," वयनींनी माझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, "वयनी..."

"तू चूप बस. सांगा मास्तर."

मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, नातीनं तिच्या भाषेत सांगितलं. इल्दाबाईंनी फोन खुर्चीवर ठेवला. आम्हाला नुसतं छत दिसत होतं. मग पलंग फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. म्हाताऱ्या बाईंना दम लागला होता, तोही ऐकू येत होता.

फोन परत वर आला. पलंग भिंतीला लागलेला होता.

वयनींनी मान हलवली. "अजून थोडा डोक्याकडून."

परत आवाज.

"हं. आता बराबर आहे," वयनी म्हणाल्या. "अन् सांगा, सकाळी दूध देऊ नका. पितो म्हणते, पण खिडकीतून झाडाले टाकून देते."