कूलरसमोरची पाच मिनिटं

माझ्या नाकावर राग असतो हे मी कधी लपवलेलं नाही. पण त्या दुपारच्या रागाबद्दल मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

जरीपटक्याच्या बाजारामागे, पहिल्या मजल्यावर, आम्ही नऊजण शाळेचे युनिफॉर्म शिवायचो. मे महिना म्हणजे आमचा सीझन. मान वर करायला फुरसत नसायची. कटिंगच्या टेबलावर कापडाचे वीस-वीस थर एकावर एक पसरलेले असत. वारा लागला की ते सरकत, आणि सरकले की सगळ्याच शर्टांचं माप बिघडे. म्हणून कूलरचं तोंड कोपऱ्याकडे फिरवलेलं होतं आणि आम्ही पाळीपाळीने त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचो. एकाला पाच मिनिटं. तेवढ्या वेळात त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही, असा आमचा नियम होता. मालकही तो पाळायचे.

कूलर जुना, पत्र्याचा. कधीमधी झिणझिण्या द्यायचा. "आज मूडमध्ये हाये," असं म्हणून आम्ही हसायचो आणि हाताच्या मागच्या बाजूने त्याला शिवून बघायचो. तयार माल जमिनीवर पसरायचा असल्यामुळे चपला जिन्यातच राहायच्या. सगळे अनवाणी. कूलरखालची फरशी तर कायम ओली.

त्या दिवशी मास्तरांची पाळी होती. मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर. बारा वर्षं ते कापायचे आणि मी शिवायची, आणि बारा वर्षं आमची रोज थट्टा-मस्करी चालायची. त्यांच्यानंतर माझी पाळी होती. माझं मशीन कोपऱ्याच्या अगदी जवळ होतं. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं.

पाच मिनिटं झाली. मास्तर हलेनात. मी वर पाहिलं. उजवा हात कूलरच्या पत्र्यावर, मान माझ्याकडे वळलेली, डोळे माझ्यावर. दात दिसत होते. मला वाटलं, मुद्दाम चिडवताहेत.

नियम मोडून मी म्हटलं, "मास्तर, पुरे करा ना आता. दुसऱ्याले बी गरम होते."

ते तसेच दात दाखवत उभे. माझं डोकंच फिरलं. मी स्टूल फिरवलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि खिसे लावायला घेतले. पाठीमागे कूलर घरघरत होता. मान आखडल्यासारखी होत होती, कोणीतरी एकटक बघत असलं की होते तशी. तरी मी वळले नाही.

वळले तेव्हा ते जसेच्या तसे होते. गळ्यातली मापाची टेप वाऱ्याने फडफडत होती. कूलरचा वारा सरळ डोळ्यांत जात होता आणि त्यांची पापणी लवत नव्हती. मी पाहतच राहिले. एकदाही लवली नाही.

मी उठले, त्यांचा खांदा हलवायला हात पुढे केला आणि वीतभर अंतरावर थांबले. मागच्या वर्षी आग आणि शॉकची माहिती द्यायला एक माणूस आला होता. त्याचं अर्धं बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं होतं. त्या क्षणी त्यातलं एकच वाक्य मला आठवलं. चिकटलेल्या माणसाला हात लावाल तर दोन जातील.

"ओढ ना वं त्याईले!" इस्त्री करणारी प्रेसवाली ओरडली.

"कोणी हात नका लावू!" मी किंचाळले आणि कूलरचं बटण बंद केलं.

पंखा थांबला. कूलरची घरघर बंद झाली. मास्तर उभेच होते.

कूलर बंद, वारा बंद, आणि तो माणूस तसाच माझ्याकडे बघत उभा. नंतर वायरमनने सांगितलं की वायर उलटी जोडलेली होती. बटणाने नुसता पंखा बंद व्हायचा, पत्र्यातला करंट तसाच राहायचा. तेव्हा मला काही कळत नव्हतं. मी नुसती "मेन, मेन" म्हणत होते. प्रेसवाली जिन्याकडे धावली, तिथल्या मेन स्विचसमोर रचलेले गठ्ठे तिने लाथेने पाडले आणि दांडा खाली ओढला. सगळी मशीनं एकदम थांबली आणि मास्तर कोसळले.

श्वास नव्हता. त्याच माणसाने करून दाखवलं होतं तसं मी छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने दाबत राहिले. मध्येच त्यांच्या घशातून घोरल्यासारखा आवाज आला. "श्वास घेऊन राहिले, सोड वं आता," असं म्हणत एकीने मला मागे ओढलं. तो श्वास वाटत नव्हता. मी तिला कोपराने ढकललं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिले.

मास्तर वाचले. दोन फासळ्या माझ्या हातून मोडल्या होत्या, करंटने त्यांचा तळहात भाजला होता. दीड महिन्याने ते कामावर आले तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मालकांनी पेढे वाटले. मी माझा पेढा न खाता कागदात गुंडाळून ठेवला.

दुपारी आम्ही दोघंच होतो. ते कात्री पुसत होते. म्हणाले, "मले सारं दिसून राहिलं होतं वं. आयकू बी येत होतं. तू काय बोलली ते बी."

मला रडू फुटलं. "मले वाटलं तुमी हसून राहिले," मी म्हटलं. "माफ करा मास्तर. मी जरा वेळ पाठ फिरवली."

"जरा वेळ नाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुह्या मशीनच्या आवाजावरून मी मोजून राहिलो होतो. दोन खिसे लावले तू."