ओल दाखवणाऱ्या बाई

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे मी लिहायला बसणं हा आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण त्या बाईंबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही.

रविवारी मी खराडीतल्या एका नव्या इमारतीत लोकांना नमुना फ्लॅट दाखवायचो. मेसला पोळ्या पुरवणाऱ्या त्या बाई दर रविवारी येत आणि थेट ओट्याशी उभ्या राहून रिकाम्या हातांनी पोळी लाटून बघत. त्यांचा फ्लॅट ठरला होता. मात्र कसब्यातली त्यांची खोली महिनाअखेर विकली गेली नाही, तर तो दुसऱ्याला जाणार होता. खोली काही विकली जात नव्हती, कारण येणाऱ्या प्रत्येकाला बाई आधी कपाट सरकवून मागची ओली भिंत दाखवत.

"अहो बाई, खोली विकायचीय की गिऱ्हाइकं पळवायचीत?" आमचे साहेब वैतागून म्हणाले.

"ओल लपवली तर घेणारा पावसाळाभर मला शिव्या घालेल. त्या ऐकत नव्या घरात झोपू कशी?"

मला तेव्हा साहेबांचंच पटलं होतं, हे कबूल करतो.

पुढे परीक्षेमुळे मी काम सोडलं. परवा साहेबांचा फोन आला. महिना संपायला दोन दिवस उरले असताना एक गवंडी खोली बघायला आला होता. बाईंनी कपाट सरकवताच त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "एवढंच ना? हे तर माझंच काम."

खोली गेली, आणि बाई नव्या घरात राहायलाही आल्या.