दुभाष्याच्या खुर्चीत सुवर्णाताई

नंदाचा नवरा श्रीरंग कॅलिफोर्नियात दुसरा संसार थाटून मोकळा झाला, तेव्हा तिनं पार्सिपनीच्या मराठी मंडळात सांगितलं, "त्याचं प्रोजेक्ट लांबलंय." बायकांनी माना डोलावल्या. खरं कुणालाच वाटलं नव्हतं, पण एकमेकींचं खोटं सांभाळणं हेच तर मंडळाचं मुख्य कार्य.

नंदा सिटिझन, म्हणून तिला सरकारी भत्ता मिळाला आणि त्याच्याबरोबर फुकट औषधांचं कार्ड. तिला दमा होता. पंपाशिवाय जिना चढवत नसे.

२००४च्या मार्चमध्ये भत्ता देणाऱ्या काउंटीच्या ऑफिसनं नोकरीविषयी मुलाखतीला बोलावलं. इंग्रजी अडतं म्हणून दुभाषी तिनंच मागितला होता. खोलीत पाहते तर खुर्चीत मंडळाच्या खजिनदार सुवर्णाताई, गळ्यात ओळखपत्र!

"अगंबाई, नंदा! तू इथे?"

"शेजारणीला राइड दिली," म्हणत नंदाबाई तिथूनच पार्किंगमध्ये पळाल्या. अब्रू वाचली!

ऑफिस त्याहून थोर. मुलाखत चुकवली म्हणजे कामाची इच्छा नाही, म्हणून भत्ता बंद, आणि भत्त्यामागोमाग कार्डही बंद. श्वास कोंडला की माणूस झक्कत कामाला लागतो, असं यांचं शास्त्र!

फार्मसीतल्या बाईनं कार्ड परत सरकवलं. मंडळात नंदा "जरा खोकला झालाय" एवढंच म्हणाली, तर कुणी अडुळसा दिला, कुणी प्राणायामाची सीडी. रत्नाकाकूंनी इंडियातून आणलेला, मुदत संपलेला पंप काढला. "एक्सपायरी वगैरे कंपन्यांचा धंदा असतो गं!"

त्या पंपावर विसंबून नंदा धुण्याची टोपली घेऊन निघाली आणि जिन्यातच बसली. पंपातून नुसतीच हवा. धाप ओसरायला अर्धी सकाळ गेली. मग ती तडक ऑफिसात गेली. टेबलामागे ऑफिसरबाई आणि दुभाष्याच्या खुर्चीत पुन्हा सुवर्णाताई.

"त्या विचारताहेत, मुलाखतीला का थांबली नाहीस?"

"तुम्ही होतात म्हणून. सांगा त्यांना. नवरा सोडून गेलाय, प्रोजेक्टबिजेक्ट काही नाही. मी भत्त्यावर जगते आणि मला दमा आहे. एक शब्द गाळू नका."

सुवर्णाताईंनी खाली बघत सगळं सांगितलं. ऑफिसरबाई म्हणाल्या, ठीक, कार्ड एक तारखेपासून सुरू होईल.

"विचारा, तोपर्यंत श्वास रोखून धरू का?"

सुवर्णाताईंनी हेही जसंच्या तसं विचारलं, जरा चढ्या आवाजातच. ऑफिसरबाई उठून साहेबांकडे गेल्या.

कार्ड त्याच दुपारी चालू झालं. बातमी मंडळात त्याआधीच पोचली होती. पर्समध्ये फोन वाजत राहिला. नंदा फार्मसीच्या दारातच उभी राहून नवा पंप ओढत होती.