बारशाआधी गेलेली मुलं

साहेबांच्या टेबलावर बदलीचा हुकूम टाइप होऊन पडला होता. साक्रीकडच्या एका डोंगरी गावातली नर्स काढून दुसऱ्या गावी पाठवायची. कारण म्हणून माझा आकडा लिहिला होता.

धुळ्याच्या आरोग्य कचेरीत मी नवीन होते, नोकरी तात्पुरती. स्टॅटिस्टिक्स अजून पुस्तकातून शिकत होते. इन्फंट मॉर्टॅलिटी रेट म्हणजे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती गेली. वर मृत्यू, खाली जन्म, आणि भागाकार. या गावाचा रेट तालुक्यात सर्वांत कमी आला. साहेब म्हणाले, मग तिथं नर्स कशाला? मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून हेडक्लार्कांनी मला टोमणा मारला, "मेलेले मोजायला कॉन्व्हेंट लागतं का हो, बाई?" मी मान खाली घालून टेबल पुसलं.

सहीआधी रजिस्टर ताडून यायचं म्हणून मला जीपने गावी धाडलं. जन्म-मृत्यूची नोंद पोलीस पाटील ठेवत. सगळे त्यांना नाना म्हणायचे. अक्षर सुरेख, नोंदी चोख. माझ्या आकड्यांशी सगळं जुळलं. मला हायसं वाटलं.

नर्स दाराशी उभी होती. गावाची अक्का. नाल्यापर्यंत चला, एवढंच म्हणाली.

नाल्याच्या काठी हातभर लांबीचे उंचवटे होते. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकलेले. मी मोजायला लागले. सहाव्यापाशी मी थांबले. रजिस्टरात त्या वर्षाचा बालमृत्यू एकच होता.

"हे जुने असतील," मी म्हणाले.

"काटे अजून हिरवे आहेत, ताई. मी नव्हते तेव्हा याहून जास्त असायचे."

परत येऊन मी नानांना विचारलं. ते रागावले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "बारसं व्हयनंच नही, ताई. नाव नही, ते काय लिखसू?"

बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, मग नाना जन्म लिहिणार. त्याआधी गेलेलं मूल जन्मातही नाही आणि मृत्यूतही नाही. दुसऱ्या गावांत मूल जन्मताच नोंद होई, म्हणून ती गावं वाईट दिसत होती. जिथं मुलं सर्वांत लवकर जात होती, ते गाव माझ्या तक्त्यात पहिलं होतं. आणि तिथलीच नर्स माझ्यामुळे जाणार होती.

जीपमध्ये मी एकच वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत पाठ करत आले. कचेरीत शिरले तर साहेबांनी पेन उघडलेलं.

"सर, सही करू नका. माझा आकडा चुकलाय."

"भागाकार चुकला?"

"नाही. मुलंच मोजली नव्हती."

मग अडखळत सगळं सांगितलं. नोकरी गेली, हे मी गृहीत धरलं होतं. साहेब म्हणाले, "तुमचा आकडा मी वर कळवून बसलोय, ठाऊक आहे ना?" आणि हुकूम ड्रॉवरमध्ये टाकला.

अक्का गावातच राहिली. मला घरोघर मोजणीला लावलं. पुढच्या तक्त्यात बालमृत्यू एकदम चढले आणि वरून खरमरीत विचारणा आली, की आपल्या तालुक्यात झालं तरी काय? उत्तर साहेबांनी मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं, मृत्यू वाढलेले नाहीत, नोंदी वाढल्या आहेत.

रेट फार चांगला आला की अजूनही मी आधी रजिस्टर मागवते. नोंद कोण करतं आणि कितव्या दिवशी करतं, हे विचारल्याशिवाय मी भागाकाराला हात लावत नाही.